अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आलंय, सांधे मात्र ठीक आहेत. आता काय करू?

वाईची_शिवणवाली
नमस्कार मंडळी. वय ४१, ब्लाउज शिवते. आईला संधिवात आहे, आर.ए. म्हणतात तो. बोटं करंगळीच्या बाजूला वळलीत, भाकरी थापणं कधीच सुटलं. मध्यंतरी टाच दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेले, त्यांनी आईचं ऐकून रक्त तपासायला लावलं. टाच चप्पल बदलल्यावर थांबली, पण रिपोर्टनं झोप उडवली. आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह, सीआरपी (अंगातल्या सुजेची टेस्ट) नॉर्मल, अँटी-सीसीपी (आर.ए.ची दुसरी टेस्ट) ८६ (नॉर्मल २० च्या आत).

दिवसभर मशीनवर असते, हातानं काजं करते, बोटांना काही म्हणजे काही होत नाही. डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांनी बघू. नणंद म्हणते आत्ताच गोळ्या सुरू कर. आजार नाही तर रक्तात हे आलं कुठून? आणि मुलगी तेरा वर्षांची आहे, तिचंही रक्त तपासू का?

साधा_माणूस
गहू सोडून बघा. माझ्या साडूला फरक पडला.

निवृत्त_लॅबवाला, मिरज
साडूला काय झालं होतं तेही सांगा की राव.

ताई, मी डॉक्टर नाही, टेक्निशियन होतो. हेच रिपोर्ट काढण्यात नोकरी गेली, म्हणून लिहितो.

आपल्या प्रथिनांत आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. पॅड नावाचं एन्झाइम त्याचं सिट्रुलिन करतं. शब्द तोच, फक्त काना-मात्रा बदलली, असं समजा. जिथे सूज असते, पेशी मरत असतात, तिथे हे सगळ्यांच्याच शरीरात चालतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जास्त, सुजलेल्या हिरड्यांत जास्त. हिरड्या पोखरणाऱ्या पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जिवाणूकडे तर स्वतःचं पॅड असतं. बहुतेकांची प्रतिकारशक्ती तिकडे ढुंकूनही बघत नाही. पण एचएलए-डीआरबी१ जनुकाचे काही प्रकार हे बदललेले तुकडे टी-पेशींसमोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकऱ्यांसमोर, अगदी नेमके धरतात. टी-पेशी चेतल्या की अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींना कामाला लावतात, आणि मग या सिट्रुलिनविरुद्ध ज्या अँटिबॉडी बनतात त्या तुमच्या रिपोर्टात अँटी-सीसीपी म्हणून दिसतात. म्हणजे सुरुवात बहुधा सांध्यात होतच नाही. बोटं ठणठणीत आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

हे कळलं साठवलेल्या रक्तामुळे. नेदरलंड्समध्ये पुढे आर.ए. झालेल्या रक्तदात्यांचे जुने नमुने काढून तपासले. २००४ सालचा हा अभ्यास. जवळपास निम्म्यांच्या रक्तात दुखणं सुरू व्हायच्या आधीच आर.ए. फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी होतं, आणि त्या पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्यांच्या बाबतीत साडेचार वर्षं किंवा त्याहूनही आधी. पण हा हिशेब रुग्णांपासून मागे मोजलेला आहे. पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला आजार होतोच, असं त्यातून निघत नाही. नेटवर वाचणारे नेमके इथेच घाबरतात.

तरी ८६ हलकं घेऊ नका. मर्यादेच्या तिपटीच्या वर गेलं की तो 'हाय पॉझिटिव्ह', शिवाय सख्खी आई रुग्ण. एकदा रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

नणंदबाईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. ॲबॅटासेप्ट हे औषध टी-पेशी चेतवणारा इशारा अडवतं. ब्रिटन आणि नेदरलंड्समध्ये ते आजार होण्याआधीच देऊन पाहिलं, निष्कर्ष २०२४ मध्ये आले. वर्षभरात औषधवाल्यांपैकी ६ टक्क्यांना आर्थ्रायटिस झाला, औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना. मग औषध थांबवलं, आणि दोन वर्षांच्या अखेरीस आकडे २५ आणि ३७ वर आले. टळलं कमी, लांबलं जास्त. आणि त्या मंडळींचे सांधे आधीपासून दुखत होते, तुमचे दुखत नाहीत. मेडिकलमधून स्टेरॉइड आणून तर अजिबात खाऊ नका.

मुलीचं रक्त तपासू नका. काही होत नसताना पॉझिटिव्ह आलं तरी आज तिच्यासाठी करण्यासारखं काही नाही, घोर मात्र लागेल.

चांदणी_नाशिक
मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. तिथेही हीच तऱ्हा. अमेरिकी लष्करानं साठवलेलं सीरम २००३ च्या अभ्यासात तपासलं होतं. १३० ल्युपस रुग्णांपैकी ११५ जणांच्या रक्तात निदानाआधीच कुठली ना कुठली ऑटोअँटिबॉडी, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्धची अँटिबॉडी होती. या अँटिबॉडींच्या येण्यातही क्रम असतो: एएनए, अँटी-रो आधी, अँटी-डीएसडीएनए नंतर, अँटी-स्मिथ अगदी आजार दाराशी आल्यावर.

पण माझ्या बहिणीनं माझं बघून एएनए केलं, १:८० आलं आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. इतकं एएनए दहापैकी एखाद्या निरोगी माणसातही सापडतं! अँटी-सीसीपी त्या मानानं फार नेमकी टेस्ट आहे, म्हणून लॅबवाले काकांशी सहमत. दाखवून घ्याच.

वाईची_शिवणवाली
आभार सगळ्यांचे. साताऱ्याला रुमॅटॉलॉजिस्ट येतात असं कळलंय, नंबर लावते. काका, हिरड्यांचं वाचून विचारते. आमच्याकडे आई, मी, दोघीही मिश्री लावतो. ब्रश केला की माझ्या हिरड्यांतून रक्त येतं.

निवृत्त_लॅबवाला, मिरज
मग दातांच्या डॉक्टरांचा नंबर आधी लावा आणि मिश्रीची डबी उकिरड्यावर टाका. हिरड्यांसाठी ती वाईटच, आर.ए. असो नसो.

आणि तीन महिने थांबायचं ते डोळे उघडे ठेवून. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तास सुटेनाशी झाली, अंगुस्तान एकाएकी घट्ट व्हायला लागलं, हात मिळवताना बोटांच्या मुळाशी कळ आली, तर तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात जा. अँटी-सीसीपी मात्र दर महिन्याला करत बसू नका. आकडा ८६ चा ९५ झाला तरी डॉक्टर तुमची बोटंच दाबून बघणार.