क्वेंचनंतर लगेच कडक? नाही

क्वेंच म्हणजे तापवलेला धातू पाण्यात बुडवून झटकन थंड करणं. 'पाण्यात बुडवल्याबरोबर जॉब (म्हणजे कामाचा तुकडा) कडक होतो' असं कुणी अ‍ॅल्युमिनियमबद्दल म्हणत असेल, तर ते स्टीलचं झालं. आमच्या उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, बहुतेकांचा हात बिडावर (ओतीव लोखंडावर) नि स्टीलवर बसलेला, त्यामुळे हा घोळ नेहमीचाच. ६०६१ हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू साधारण ५३० अंश सेल्सिअसवरून पाण्यात टाकला की त्यातले मॅग्नेशियम आणि सिलिकॉन विरघळलेल्या अवस्थेतच अडकतात, तुकडा मऊ राहतो. वाकलेला जॉब सरळ करायचा तो तेव्हाच! मग १७५ अंशांना आठेक तास ठेवला की त्यांचे अतिसूक्ष्म कण धातूत तयार होतात, स्फटिकातल्या थरांची घसरण अडवतात, तेव्हा कुठे ताकद येते.

त्यापुढेही तापवत राहिलात तर कण जाड आणि विरळ होऊन कडकपणा उतरतो. टी६, म्हणजे वरच्या रीतीने क्वेंच करून मग तापवून कडक केलेल्या, पट्टीला वेल्डिंग केलं की टाक्याशेजारची जागा मऊ पडते ती बरीचशी यामुळेच.