प्रश्न आधी की उतारा आधी?

उताऱ्यावरचे प्रश्न सोडवताना 'आधी प्रश्न वाचा, मग उत्तरं शोधत उतारा वाचा' असा सल्ला दिला जातो. तो शाळेच्या पेपरात चालतो, कारण तिथे प्रश्न थेट माहिती विचारतात. कॅटच्या, म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेच्या, इंग्रजी उताऱ्यांसाठी मला तो पटत नाही. कॅटच्या स्क्रीनवर डावीकडे उतारा असतो आणि उजवीकडे एका वेळी एकच प्रश्न. एका उताऱ्याचे चारही प्रश्न आधी बघायचे तर एकेक उघडून परत मागे यायचं, तेही इंग्रजीच्या विभागात 40 मिनिटांत 24 प्रश्न सोडवायचे असताना! जीमॅटमध्ये (देशोदेशीच्या एमबीए अभ्यासक्रमांसाठीची प्रवेश परीक्षा) तर हातातल्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढचा दिसतच नाही.

माझ्याकडे तयारीला येणारी मराठी माध्यमाची मुलं शब्दसंग्रहाला घाबरतात. पण अडतात ती पर्यायांपाशी. चुकीच्या पर्यायात बऱ्याचदा उताऱ्यातलेच शब्द असतात, फक्त लेखकाने 'काही' म्हटलेलं तिथे 'सर्व' झालेलं असतं, किंवा लेखक ज्याचं मत खोडून काढतोय त्याचंच मत लेखकाच्या नावावर टाकलेलं असतं. उतारा सलग वाचून कोण काय म्हणतंय हे मनात पक्कं असेल तरच हे पकडता येतं. म्हणून सरावाला आयआयएमने प्रसिद्ध केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका घ्या, आणि बरोबर आलेल्या उत्तरांच्या बाबतीतही उरलेले तीन पर्याय का नाकारले ते प्रत्येकी एका ओळीत लिहा. वेळ खूप जातो, पण तो इथेच घालवावा.