यादीतली मयत, दुबार आणि अनोळखी नावं: नेमकं करायचं काय?

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी. पुण्याच्या कडेला, गेल्या पंधरा वर्षांत वाढलेल्या भागात राहतो. मूळ गाव सासवडजवळ. सोसायटीचं काम बघतो, म्हणून आमच्या भागाच्या मतदार यादीची पीडीएफ उतरवून घेतली आणि रविवारी बसून विंगवार नावं ताडून पाहिली. जे दिसलं त्यानं झोप उडाली आहे.

माझी आई २०२१ मध्ये गेली, तिचं नाव फोटोसह आहे. बी विंगमधले एक कुटुंब नागपूरला कायमचं गेलं, चारही नावं जागच्या जागी. एका भाड्याच्या फ्लॅटवर अकरा नावं आहेत, आडनावं सात वेगवेगळी. आणि माझ्या पत्नीचं नाव इथे सासरच्या आडनावानं, तर बार्शीला माहेरच्या आडनावानं. तिनं बार्शीत लग्नानंतर एकदाही मत दिलेलं नाही.

परवा एका पक्षाचे कार्यकर्ते आले होते. म्हणाले, तुमच्या इमारतीत बोगस मतदार आहेत, सगळ्यांच्या विरोधात हरकती टाकू, तुम्ही फक्त सह्या करा. मी सही केली नाही, पण मन शांतही नाही. अशा नावांवर खरंच कुणी मत टाकून जातं का? आणि यादी साफ करायची तर सामान्य माणसानं कुठून सुरुवात करायची?

रानवारा

सुरुवात कुठून करणार? लोकसभेला राज्यात ९ कोटी ३० लाख मतदार, सहा महिन्यांनी विधानसभेला ९ कोटी ७० लाख. २०१९ च्या विधानसभेपासून २०२४ च्या लोकसभेपर्यंत पाच वर्षांत जेवढे वाढले, त्यापेक्षा जास्त या काही महिन्यांत. निकाल तर सगळ्यांनी पाहिला, लोकसभेला ४८ पैकी ३० जागा मिळवणारी आघाडी विधानसभेला पन्नाशीच्या आसपास. केंद्रावरचं चित्रीकरण मागावं तर डिसेंबर २०२४ मध्ये नियमच बदलला. दादा, तुमची आई यादीत आहे हे अपघातानं नाही.

तिसरी_ब

कऱ्हाकाठ, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्रापुरती यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं काम केलं आहे, आधी सोलापूर जिल्ह्यात, नंतर पुण्याजवळ. तुम्ही जे पाहिलंत ते मी प्रत्येक भागात पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, यादी फुगलेली असणं ही एक गोष्ट आणि त्या नावांवर मत पडणं ही दुसरी. पहिली गोष्ट आहे, यात शंकाच नाही. दुसरी झाली की नाही हे यादीवरून कधीच कळत नाही, ते मतदान केंद्रावरच्या नोंदवहीवरून कळतं. नमुना १७ अ म्हणतात तिला. कुणी येऊन सही किंवा अंगठा केला, ओळखीचा कोणता पुरावा दाखवला, ते तिच्यात असतं. तुमच्या आईच्या नावासमोर तिथे सही असेल तर तो गुन्हा आहे. नसेल तर ती फक्त न झालेली साफसफाई आहे. दोन्हींना एकच शब्द लावला की खरा चोर सुटतो, आणि नागपूरला गेलेलं साधं कुटुंब मात्र बोगस ठरतं.

आता यादी का फुगते? नाव चढवायला दहा जणांना रस असतो. तरुणाला ओळखपत्र हवं असतं, उमेदवाराला मत, कॉलेजला मोहिमेचा अहवाल. नाव उतरवायला कुणालाच रस नसतो. मयताच्या घरी जाऊन मी नाव वगळण्याचा सात नंबरचा फॉर्म पुढे केला की लोक गप्प होतात. आईचं नाव आपल्या सहीनं खोडायचं, हे मुलाला जड जातं. काहींना वाटतं रेशनकार्डावर परिणाम होईल. मृत्यूचा दाखला काढलेला असतो, पण तो बँकेसाठी, यादीसाठी कुणी आणून देत नाही. २०२५ पासून जन्म-मृत्यू नोंदणीची माहिती थेट निवडणूक आयोगाकडे देण्याची व्यवस्था जाहीर झाली आहे. ती नीट चालली तर पुढच्या मृत्यूंचं काम हलकं होईल, पण जुनी नावं दारोदार जाऊनच काढावी लागतील.

दुबार नावांचं मूळ गावात आहे. पुण्या-मुंबईत राहणारा माणूस इथे नाव नोंदवतो, पण गावचं काढू देत नाही. ग्रामपंचायतीला एकेका वॉर्डात पाच-दहा मतांनी निकाल लागतो, आणि त्या दिवशी भावकी गाड्या करून माणसं आणते, हे इथे कुणाला सांगायला नको. शिवाय मनात भीती असते की गावच्या यादीतून नाव गेलं की जमिनीच्या कामात अडचण येईल. तसं काहीच होत नाही. सातबारा आणि मतदार यादी यांचा संबंध नाही. पण पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे, एका भेटीत जात नाही.

त्यात अर्जाची जुनी पद्धत. २०२२ च्या आधी दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेलेल्यानंही सहा नंबरचाच फॉर्म भरायचा होता, नव्या मतदारासारखा. त्यात आधीचा पत्ता आणि जुना एपिक नंबर, म्हणजे मतदार ओळखपत्राचा नंबर, लिहायची जागा होती. ती कोरी सोडली की नवं नाव चढायचं आणि जुनं तसंच राहायचं. आता स्थलांतरासाठी आठ नंबरचा फॉर्म आहे, त्यात जुन्या एपिक नंबरावरच बदल होतो. तुमच्या पत्नीचं प्रकरण बहुधा त्या जुन्या काळातलं.

रानवारा, तुमच्या आकड्यांबद्दल. आयोगानं या वाढीबद्दल डिसेंबर २०२४ मध्ये जे उत्तर दिलं, त्यात लोकसभा ते विधानसभा या काळात सुमारे ४८ लाख ८१ हजार नावं वाढवली आणि सुमारे ८ लाख कमी केली असं म्हटलं होतं. सगळे वाढीवर बोलले. माझं लक्ष त्या दुसऱ्या आकड्याकडे गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये १ जुलै ही अर्हता तारीख (त्या दिवशी अठरा पूर्ण असलेले पात्र) धरून राज्यात पुन्हा मोहीम झाली होती. त्या मोहिमेत तरुणांची नावं मोठ्या प्रमाणात चढली, हे आम्ही खालच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. पण चढणारी नावं उतरणाऱ्या नावांच्या सहापट असतील तर यादी फुगणारच, त्यासाठी कुणाचा कट असण्याची गरज नाही. आणि कट कुठे असलाच तर तो याच ढिगात सहज लपतो, म्हणून मला राग येतो.

खरे प्रौढ किती आणि मतदार किती, हा हिशेब तरी कशावर मांडायचा? २०११ नंतर जनगणना झालेली नव्हती. दोन्ही बाजूंनी अंदाजच फेकले.

तुमच्या अकरा नावांच्या फ्लॅटबद्दल: भाडेकरू बदलत गेले, प्रत्येकानं नोंदणी केली, जाताना कुणी काढली नाही, असं मी अनेक इमारतींत पाहिलं आहे. एका घरात ऐंशी मतदार अशा बातम्या येतात, त्यातल्या काही गावठाणातल्या किंवा वस्तीतल्या असतात, जिथे घरांना नंबरच नाहीत आणि रकान्यात शून्य किंवा रेघ पडलेली असते. काही मात्र तशा नसतात. म्हणून प्रत्येक दार वाजवावं लागतं, खुर्चीत बसून हे ठरत नाही.

बूथ_नं_२

बाईंशी सहमत. मी अनेक निवडणुका मतदान प्रतिनिधी म्हणून केंद्रात बसलो आहे. सकाळी अभिरूप मतदानापासून (यंत्र तपासायचं चाचणी मतदान) शेवटच्या सिलपर्यंत.

मयत नावावर मत टाकणं सोपं नाही, पण अशक्यही नाही. ज्या केंद्रात सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी बसलेत आणि ते त्याच आळीचे आहेत, तिथे कुणाची हिंमत होत नाही. केंद्राध्यक्षाकडे एएसडी यादी असते, म्हणजे गैरहजर, स्थलांतरित आणि मयत. त्यातला कुणी आला तर ओळख जास्त काटेकोरपणे तपासतात. प्रतिनिधीला दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेता येतो. तुमचं मत आधीच कुणी टाकून गेलं असेल तर परत फिरू नका, प्रदत्त मत मागा. ते कागदावर होतं, वेगळ्या पाकिटात जातं, पण नोंद राहते आणि ती नोंदच पुढे कोर्टात पुरावा ठरते.

खरा धोका नव्या कॉलन्यांत. तिथे प्रतिनिधीच कुणाला ओळखत नाही. कित्येक केंद्रांवर दुपारनंतर प्रतिनिधी जेवायला जातो तो येतच नाही. शेवटी १७ क ची, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली त्या हिशेबाची, प्रत घ्यायला कुणी नसतं. ती प्रत मिळणं हा आपला हक्क आहे, सहा वाजेनंतर किती मतं पडली यावर वाद घालणाऱ्यांकडे तीच नसेल तर काय मांडणार? २०२४ च्या विधानसभेला सहानंतर पडल्याचं सांगितलेल्या ७६ लाख मतांच्या मुद्द्यावरची याचिका मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये फेटाळली.

रानवारा

म्हणजे दोष आमचाच? आयोग यादी देतो ती चित्राच्या पीडीएफमध्ये. नाव शोधता येत नाही, दोन याद्या संगणकावर ताडता येत नाहीत. २०१८ मध्ये शोधता येणारी यादी मागायला लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही मिळाली नाही. मग प्रतिनिधीनं लाखो नावं डोळ्यांनी वाचायची का?

तिसरी_ब

या मुद्द्यावर मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. आयोगानं सांगितलं की महाराष्ट्रात यादीविरुद्ध १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २४ खाली फक्त ८९ अपिलं जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि एक मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे आलं. आकडा बोलका आहे, पक्षांनी तो मान खाली घालून वाचावा. पण अपील करायला चूक सापडायला लागते, आणि ती सापडेल अशा रूपात यादी दिली जात नाही. कारण गोपनीयतेचं दिलं जातं. मग पत्ता आणि फोटो झाकून, फक्त नाव, वय, भाग क्रमांक आणि आज काय चढलं, काय उतरलं एवढं तरी शोधता येईल असं द्या. बिहारमध्ये २०२५ च्या प्रारूप यादीतून ६५ लाख नावं गळली, तेव्हा ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती नावं कारणांसह जाहीर करायला लावली. तिथे जमलं, तर इथे दर महिन्याला का जमू नये?

पण कऱ्हाकाठ, तुम्ही सही केली नाहीत हे फार योग्य केलंत. त्याबद्दल बोलायचं राहिलं होतं.

सात नंबरचा फॉर्म हे हत्यार आहे. कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदमध्ये २०२३ च्या निवडणुकीआधी ६,०१८ नावं वगळण्याचे अर्ज ऑनलाइन आले. तपासल्यावर २४ खरे निघाले, बाकी सगळी माणसं आपापल्या घरी होती. ज्यांच्या नावानं अर्ज टाकले गेले, त्यांनाही पत्ता नव्हता. उलट आपल्या राजुऱ्यात २०२४ च्या विधानसभेआधी सहा हजारांहून जास्त खोटे अर्ज नावं चढवण्यासाठी आले, ते फेटाळले गेले आणि पोलिसात गुन्हा नोंदवला गेला. दोन्ही ठिकाणी ते सापडले ते कुणीतरी खाली जाऊन दार वाजवलं म्हणून.

आणि नावं सरसकट उडवली तर काय होतं हे पुण्यानं बघितलं आहे. एप्रिल २०१४ ची लोकसभा आठवा. वर्षानुवर्षं मतदान करणारी माणसं केंद्रावर गेली आणि यादीत नावच नाही. पुण्यात, मग मुंबईत. आयोगाच्या एका आयुक्तांना माफी मागावी लागली होती. म्हातारी माणसं जुनी ओळखपत्रं हातात धरून उन्हात उभी होती. फुगलेल्या यादीत खोटं मत पडण्याची शक्यता असते. खोडलेल्या यादीत खरं मत गेलेलंच असतं. म्हणूनच कायद्यात वगळणं मुद्दाम अवघड ठेवलं आहे: नोटीस, सात दिवस, म्हणणं मांडायची संधी. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लाल बाबू हुसेन प्रकरणात तेच ठणकावलं.

कऱ्हाकाठ

बाई, खूप धन्यवाद. आता नेमकं विचारतो. आईचं, पत्नीचं आणि त्या फ्लॅटचं काय करू? आणि हे राज्य निवडणूक आयोगाकडे द्यायचं का? महापालिकेची यादी तर त्यांची असते ना?

तिसरी_ब

नाही, इथे बहुतेक लोक फसतात. राज्य निवडणूक आयोग नवी नावं घेत नाही, जुनी काढत नाही. विधानसभेची यादी ठरलेल्या तारखेला जशी असेल तशी घेतो आणि प्रभागवार फोडतो. त्यांच्याकडे हरकत चालते ती चुकीच्या प्रभागात गेलात, विधानसभेच्या यादीत असून प्रभागात नाही, अशा गोष्टींची. २०२५ च्या शेवटी त्यांनी संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले आणि तुम्ही कुठे मत देणार ते लिहून घेतलं. ती त्या वेळेपुरती सोय होती, यादी त्यानं साफ होत नाही. साफ होते ती तुमच्या विधानसभेच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे.

आईसाठी तुम्ही सात नंबर भरा, मृत्यूचा दाखला जोडा, बीएलओच्या हातात द्या किंवा ऑनलाइन टाका, आणि पोच जपून ठेवा. पत्नीचा बार्शीचा एपिक नंबर शोधा. इथलं कार्ड वेगळ्या नंबरचं असेल तर बार्शीचं नाव त्यांच्याच सहीनं सात नंबर भरून काढा, कारण ‘आधीच नोंदलेले’ दाखवा. माहेरच्यांना आधी सांगा, नाहीतर नोटीस गेली की ते घाबरतील.

अकरा नावांच्या फ्लॅटवर एकदम हरकत टाकू नका. आधी मालकाकडून भाडेकरारांची माहिती घ्या, कोण कुठे गेलं ते फोनवर विचारा. जे गेलेत त्यांना नव्या पत्त्यावर आठ नंबर भरायला सांगा, म्हणजे इथलं आपोआप निघेल आणि त्यांचं मतही जिवंत राहील. ज्यांना कुणीच ओळखत नाही अशी जी नावं उरतील, तेवढीच कागदावर लिहून बीएलओला द्या आणि त्यांच्याबरोबर स्वतः दारापर्यंत जा. पक्षाच्या कार्यकर्त्यांना खरंच काम करायचं असेल तर त्यांनी आपला बीएलए, म्हणजे केंद्रापुरता पक्षाचा प्रतिनिधी, नेमून घ्यावा, त्याला रोज ठरावीक अर्ज बीएलओकडे देता येतात, पण प्रत्येकाची खातरजमा केल्याची जबाबदारी त्याच्यावर असते. खोटं निवेदन दिलं तर १९५० च्या कायद्याच्या कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैद आहे, हेही त्यांना सांगा.

हे सगळं आत्ताच करा. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते, मग अधिकारी कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात काही राहत नाही.