नगरसेवक नसलेली चार वर्षंच बरी होती, असं म्हणणाऱ्यांना

मुठाकाठची
काल इथे एकाने लिहिलं, "मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ पुणे महापालिकेत नगरसेवक नव्हते. काय अडलं? नागरिकांना विचारलं की ते बाकडी आणि पेव्हर ब्लॉक मागतात. शहराला काय हवं ते आयुक्तांना जास्त कळतं." त्याखाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग लागली. ते वाचून इतका संताप आला की एका ओळीत उत्तर देणं जमेना.

एरवी आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते आणि मग मुख्य सभेत दिवसदिवस भांडणं होतात. त्यातला बराच वेळ वाया जातो हे मान्य आहे. पण कुणीतरी उठून "माझ्या भागातल्या ड्रेनेजचे पैसे कुठे वळवले?" असं विचारतं आणि अधिकाऱ्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. त्या चार वर्षांत आयुक्तच प्रशासक झाले आणि आयुक्त, स्थायी समिती, मुख्य सभा असं सगळं एकाच खुर्चीत आलं. प्रस्ताव ठेवणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच. २०२५-२६ चं १२,६१८ कोटींचं अंदाजपत्रक असंच झालं. त्या पैशांत माझाही मिळकतकर आहे, आणि माझ्या वतीने तिथे बोलायला कुणी नव्हतं.

राहिला बाकड्यांचा प्रश्न. लोक बाकडी मागतात, कारण मागायची मुभाच तेवढी आहे. नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक पुण्यात २००६-०७ पासून आहे आणि त्यात एका कामाला पाच लाखांची मर्यादा. पाच लाखांत पाण्याची टाकी होते का? आधी माणसाच्या हातात चिल्लर ठेवायची आणि मग म्हणायचं, बघा, याला चिंचोकेच घ्यायचे होते.

पेठेतला
ती काल लिहिणारी व्यक्ती मी नाही, पण मीही "बरोबर" म्हणालो होतो आणि अजूनही म्हणतो. ताई, मुख्य सभेचं चित्र फार रम्य रंगवलंत. 'स' यादीबद्दल, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या यादीबद्दल, एक शब्द नाही? वर्गीकरणाबद्दल? अंदाजपत्रकात एका कामाला तरतूद दाखवायची, टाळ्या घ्यायच्या आणि डिसेंबर उजाडला की तेच पैसे वर्गीकरणाने दुसरीकडे न्यायचे. आमच्या गल्लीत चांगल्या शहाबादी फरशा होत्या. त्या उखडून काँक्रीट केलं, ते फोडून ड्रेनेज टाकलं, त्यावर पेव्हर बसवले. सगळं मार्चअखेर. कोपऱ्यावर "माननीयांच्या संकल्पनेतून" असा नगरसेवकाचा फलक. आई त्याच पेव्हरवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आठ महिने अंथरुणावर होती. मला लोकशाही शिकवायला येऊ नका.

निवृत्त अभियंता
मी एका महापालिकेत, पुण्यात नव्हे, एकतीस वर्षं काढली. तुम्ही दोघं ज्या पैशांवर भांडता आहात ते मुळात फार थोडे असतात. आधी पगार आणि पेन्शन. मग पंपिंगचं वीजबिल. मग मागच्या वर्षी सुरू केलेल्या कामांची दायित्वं. मग केंद्राच्या किंवा राज्याच्या योजनेत पालिकेने घालायचा हिस्सा, आणि तो नाही घातला तर वरचे पैसेही गेले. एवढं सगळं वजा केल्यावर उरतं त्याला आम्ही 'अग्रक्रम' म्हणायचो.

आणि उत्पन्न तरी हातात कुठे राहिलं? जकात गेली, एप्रिल २०१३ ला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१७ ला जीएसटी. आता राज्याकडून भरपाई येते तेव्हा येते. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेत ज्याला पैसे मिळत होते ते शहरांनी मागितलं. पुण्याने २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, केली, ती पेठेतल्या माणसाने मागितली होती की आयुक्तांनी, हा प्रश्नच गैरलागू आहे. योजनेत बसत होती.

बसची वाट
बीआरटीचं नाव काढलंत म्हणून. २००७ ला पीएमपीएमएल ही बस कंपनी झाली, पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका मिळून तोटा भरतात, साठ आणि चाळीस टक्के. तरी रोज पाऊण तास मी थांब्यावर उभी असते. उड्डाणपुलाला पैसे लगेच निघतात. बसने जाणाऱ्या बाईला अंदाजपत्रकात कुणी वाली नाही, प्रशासक असो की नगरसेवक. एवढंच.

नांदेडगावकर
तुमचं सगळं वाचलं. आता आमचं वाचा. ३० जून २०२१ ला तेवीस गावं पालिकेत घेतली, त्यात आमचं नांदेड. ग्रामपंचायत गेली. मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली. म्हणजे साडेचार वर्षं आम्हाला ना सरपंच, ना नगरसेवक. "काय अडलं?" म्हणणाऱ्याने एकदा आमच्याकडे येऊन हे विचारावं.

जानेवारी २०२५ ला जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण निघायला लागले. नांदेड, किरकटवाडी, धायरी, हाच पट्टा. आमच्या शेजारच्या इमारतीतला नववीतला मुलगा सतरा दिवस आयसीयूत होता, हात उचलत नव्हता. खडकवासला धरण आमच्या गच्चीवरून दिसतं आणि आम्ही विहिरीचं, बोअरचं, टँकरचं पाणी पितो. त्याच शहराकडे चव्वेचाळीस किलोमीटर नदीकाठ सुशोभित करायला हजारो कोटी आहेत. हा अग्रक्रम कुणी ठरवला? मला तर कुणी विचारलं नाही.

पेठेतला
मुलाचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण गावं पालिकेत घ्या म्हणून कोर्टात कोण गेलं होतं? शहरापेक्षा स्वस्त म्हणून फ्लॅट घेतलेत. बिल्डरने पाण्याचं हमीपत्र दिलं, ते तुम्ही वाचलंत का? आता पन्नास वर्षं कर भरणाऱ्यांच्या नळाला हात घालायचा?

नांदेडगावकर
स्वस्त? माझा जन्म या गावातला आहे. आजोबांची जमीन धरणाच्या कालव्यात गेली आहे. तुमच्या पेठेत नळ सोडून अंगण धुतात ते पाणी कुठून आलं, ते कधी विचारलंत?

पेठेतला
अंगण कोण धुतं आता? कुठल्या काळात आहात? आमच्याकडेही कधी कधी उन्हाळ्यात दिवसाआड पाणी असतं.

मुठाकाठची
दोघांनीही जरा थांबा. मध्यवर्ती पुण्यात पाणी भरपूर येतं आणि कडेच्या भागात करंगळीएवढी धार, हे खरं आहे. म्हणूनच समान पाणीपुरवठा योजना आली, ब्याऐंशी टाक्या आणि मीटर. मीटरला सगळ्यात जास्त विरोध कुठून झाला, पेठेतले दादा?

पेठेतला
आमच्याकडूनच झाला आणि होत राहील. पाणीपट्टी मिळकतकरात भरतो ना आम्ही? मीटर बसवला की उद्या खासगी कंपनी. शिवाय वाड्यात एका नळावर सहा कुटुंबं. बिल कुणाच्या नावावर काढणार? माझी आई एकटी, शेजारी सात माणसं.

निवृत्त अभियंता
वाड्याचा मुद्दा खरा आहे. आमच्या गावी याच प्रश्नावर अख्खी योजना तीन वर्षं रखडली होती. पण मापल्याशिवाय गळती कळत नाही, हेही तितकंच खरं. मी स्वतः जमिनीखाली फुटलेली लाइन शोधायला रात्री दोन वाजता कान लावून बसलो आहे. मीटर म्हणजे बिल, एवढंच डोक्यात धरू नका. आधी टाकीच्या तोंडाशी मापा, मग गल्लीच्या. घरात नंतर या.

नांदेडगावकर
माझ्याकडे मीटर बसवा. आज बसवा. दुप्पट दर लावा. आमची सोसायटी टँकरला महिन्याला जेवढं मोजते त्यापेक्षा ते कमीच पडेल. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीची माणसं वैतागून पालिकेबाहेर पडली, त्यांना वेगळी नगरपरिषद मिळाली. इतकी वर्षं शहराचा कचरा पोटात घेतला त्यांनी. आम्हालाही तेच करायला लावू नका.

मुठाकाठची
आता मूळ मुद्द्यावर या. वर पेठेतल्या दादांनी वर्गीकरणाबद्दल लिहिलं त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. पण प्रशासकाच्या काळात वर्गीकरणं थांबली नव्हती, फक्त त्यावर ओरडणारं कुणी उरलं नव्हतं. नगरसेवक नको हा त्यावरचा इलाज नाही. कायद्यात २००९ पासून क्षेत्र सभा आहेत. मतदारांनी आपल्या भागात बसून कामांचा क्रम लावायचा आणि तो प्रभाग समितीकडे जायचा. त्या कुणीच भरवल्या नाहीत, कारण त्या भरल्या की 'स' यादीवरची पकड सुटते. मला त्या हव्या आहेत. पाच लाखांची मर्यादा काढून हव्या आहेत.

पेठेतला
सभा भरली तर तिथे कोण येईल माहीत आहे? माननीयांची माणसं, गणपती मंडळाचे कार्यकर्ते आणि पेन्शनर. बसची वाट बघणाऱ्या ताई नऊला घरी पोचतात, त्या येणार नाहीत.

बसची वाट
रविवारी ठेवा. येईन.

पेठेतला
ठीक. एक कबूल करतो, आणि तेवढंच. साडेचार वर्षं ज्यांचं मतच नव्हतं अशी गावं माझ्या डोक्यात नव्हती. "काय अडलं" याला मी "बरोबर" म्हणायला नको होतं, ते मागे घेतो. फलकाबद्दल आणि आईच्या पायाबद्दल काही मागे घेत नाही. मीटरला विरोध कायम. टाकीच्या तोंडाशी लावा, माझ्या नळाला नको.

नांदेडगावकर
टाकीच्या तोंडाशी तर लावा. आमच्याकडे आधी टाकी बांधा.