‘कवचधारी’ नक्की कुणाला म्हणायचं?

खानापूर : मुलीच्या प्रकल्पवहीत खेकडा आणि कोळंबी ‘कवचधारी’ या नावाखाली आहेत. कवच तर कासवालाही असतं, गोगलगायीलाही असतं. मग हा शब्द नेमका कुणाचा? शिवाय आमच्या घरात बांधावरच्या खेकड्याला किरवं म्हणतात आणि गोव्याहून बाजारात येते ती कुर्ली. प्राणी एकच का?

बेळगाव : कवचावरून ओळखायला गेलं की फसगत ठरलेली. बोटीच्या बुडाला चिकटून बसणारं बार्नॅकल वरून शिंपल्यासारखं दिसतं, म्हणून क्युव्हिएसारख्या शास्त्रज्ञानंही ते शंख-शिंपल्यांत घातलं होतं. 1830च्या सुमारास जॉन व्हॉन टॉमसननं त्याची पोहणारी पिल्लं रूप बदलताना पाहिली आणि ते कोळंबीच्या गोतातलं ठरलं. पुढे डार्विननं 1846 ते 1854 अशी आठ वर्षं बार्नॅकलांवर घालवली. त्याच्या जहाजसफरीचं कौतुक सगळे करतात, पण प्रजाती किती बदलत्या असतात हे त्यानं या कामात हातानं चाचपून पाहिलं. माझ्या मते ही आठ वर्षं शाळेत शिकवायलाच हवीत.

खरी खूण मिशांची. कवचधाऱ्यांना मिशांच्या दोन जोड्या असतात, कीटकांना एकच, कोळ्याला आणि विंचवाला एकही नाही. कासवाला पाठीचा कणा आहे, गोगलगायीला सांध्यांचे पायच नाहीत, म्हणून दोघंही बाहेर.

किरवं आणि कुर्ली दोन्ही खेकडेच, पण कुळं वेगळी. समुद्रातल्या कुर्लीच्या अंड्यांतून झोइया नावाची इवलीशी डिंभकं, म्हणजे खेकड्यासारखी न दिसणारी पिल्लं, निघतात. ती पाण्यात तरंगत वाढतात आणि बऱ्याच काती टाकल्यावर त्यांना खेकड्याचं रूप येतं. जांबोटी-कणकुंबीकडच्या ओढ्यातल्या खेकड्याला ही चैन परवडत नाही. पावसाचं पाणी पिल्लांना वाहून नेईल. म्हणून त्याची अंडी मोजकी आणि मोठी, आणि त्यांतून थेट छोटे खेकडेच बाहेर येतात. मादी त्यांना काही दिवस पोटाखाली घेऊन फिरते. तेव्हा दोन्ही शब्द वेगळे ठेवा, त्यांत खरा फरक सांगितलेला आहे. कन्नडमध्ये खेकड्याला ‘एडी’ म्हणतात, तेही वहीत येऊ द्या.

निपाणी : कीटकसुद्धा कवचधारीच असं वाचलं. मुंगी आणि कोळंबी एका घरच्या?

बेळगाव : होय, एका घरच्या. 2010 साली शास्त्रज्ञांनी संधिपादांच्या, म्हणजे सांध्यांचे पाय असलेल्या प्राण्यांच्या, 75 प्रजातींची 62 जनुकं ताडून वंशवृक्ष मांडला, त्यात कीटकांची फांदी कवचधाऱ्यांच्या झाडातूनच फुटलेली दिसली. कीटकांच्या अगदी जवळचे नातेवाईक म्हणून आता रेमिपीड मानले जातात. समुद्रकाठच्या, पाण्यानं भरलेल्या काळोख्या गुहांत राहणारे हे आंधळे प्राणी. एक भाऊ वेगळा राहायला गेला म्हणून त्याचं आडनाव बदलत नाही, तसंच कीटकांचं. या सगळ्या कुळाला आता पॅनक्रस्टेशिया म्हणतात.

खानापूर : मग वहीत काय लिहू, दादा?

बेळगाव : ‘कवचधारी (कीटक सोडून)’ लिहा. आणि ओल्या दगडाखाली गोळी होऊन बसणारा करडा किडा चित्रात जरूर घ्या. पायांच्या सात जोड्या मोजायला सांगा. तो कीटक नाही, जमिनीवर राहायला आलेला कवचधारी आहे. मिशांची एकच जोडी दिसेल. दुसरी आहे, पण इतकी बारीक की भिंग लागेल.