क्लब बदलणं ही हौस नसते

फुटबॉलमध्ये सतत क्लब बदलणाऱ्या स्ट्रायकरची, म्हणजे गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूची, निष्ठा पैशाशीच असते, हे मत मला साफ अमान्य आहे. इंग्लंडच्या सर्वोच्च विभागातल्या, म्हणजे प्रीमियर लीगच्या, चार-पाच वर्षांच्या करारांच्या हिशेबाने लीग टू हा चौथा विभाग बघितला की असा गैरसमज होतो. तिथे करार बहुतेक वेळा एक-दोन वर्षांचा असतो. मे महिन्यात क्लब कुणाला ठेवणार आणि कुणाला सोडणार याची यादी लावतो आणि सोडलेल्यांचा ३० जूनला पगार बंद.

अदेबायो अकिन्फेन्वा या इंग्लिश स्ट्रायकरचंच घ्या. लिथुआनियापासून सुरुवात, मग टॉर्की, स्वान्सी, नॉर्थॅम्प्टन, जिलिंगहॅम असे क्लब करत तो लीग टूमधल्या विम्बल्डन क्लबला आला. मे २०१६ मध्ये वेम्ब्लीवर प्लिमथविरुद्ध प्ले-ऑफ फायनल, म्हणजे वरच्या विभागात जाण्यासाठीचा निर्णायक सामना. बदली म्हणून उतरलेल्या या गड्याने भरपाई वेळेत सहकाऱ्याकडून चेंडू मागून घेऊन पेनल्टी मारली, २-० झालं, क्लब वरच्या विभागात गेला. आणि त्याच मैदानावर, टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर तो सांगतो की मी आता बेरोजगार आहे, मॅनेजर लोकांनी व्हॉट्सअ‍ॅप करावा! क्लबला वर चढवणारा माणूस त्याच दिवशी काम शोधतोय, यात त्याची निष्ठा कुठे कमी पडली?

त्याला लीग टूमधल्याच वायकॉम्ब क्लबने घेतलं तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. तिथे मात्र तो निवृत्तीपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत राहिला. मधल्या काळात वायकॉम्ब लीग टूमधून पार चॅम्पियनशिपपर्यंत, म्हणजे दुसऱ्या विभागापर्यंत पोचला. टिकू दिलं की हे खेळाडू टिकतात.