रोजच्या पेनात पक्की शाई भरायची नाही म्हणे!

काळीदौत

दौतवाला यांनी परवा नवख्यांना सल्ला दिला की रोजच्या फाउंटन पेनात धुऊन निघणारी निळी शाई सोडून दुसरं काही भरू नका, आयर्न गॉल (लोहाच्या) आणि पिगमेंटच्या (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या) पक्क्या शाया पेनं खातात, त्या बाटलीतच बघाव्यात. खाली भराभर 'सहमत' पडले. मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

रोजच्या पेनाने आपण लिहितो काय? हिशेब, नोंदी, पत्ते, तारखा, सह्या. म्हणजे जे दहा वर्षांनी कुणीतरी शोधत येणार तेच. आणि त्यासाठी शाई कुठली, तर मुळात पुसली जावी म्हणून बनवलेली! पेलिकन 4001 रॉयल ब्लूवर खोडपेन फिरवलं की अक्षर गायब होतं, कारण त्यातला रंग सल्फाइटने रंगहीन होतो. शाळकरी पोरांसाठी ती सोय उत्तम आहे. पण तीच शाई उन्हात फिकटते आणि पाण्याचा थेंब पडला की पसरते. अशी शाई मोठ्या माणसांना 'सुरक्षित' म्हणून सांगायची? सुरक्षित कुणासाठी, पेनासाठी की लिहिलेल्यासाठी?

माझ्या पिशवीत पाण्याची बाटली उघडली आणि दोन वह्या भिजल्या. रॉयल ब्लूची वही वाळवली तेव्हा पानं आकाशी झाली होती, मजकूर शून्य. दुसरीत पेलिकनचीच ब्लू-ब्लॅक होती, म्हणजे आयर्न गॉल. तिच्यातला निळा रंग वाहून गेला, पण खाली राखाडी-काळी रेघ जशीच्या तशी. वेलांटी-उकारासकट वाचता येत होतं. हिराकस आणि मायफळाचं जुनं रसायन आहे ते. लिहिताना लोह विरघळलेलं असतं, कागदाच्या तंतूंत शिरतं, हवा लागली की तिथेच न विरघळणारं काळं संयुग होतं. निळा रंग फक्त लिहिताना दिसावं म्हणून घातलेला. इंग्लंडात जन्म-मृत्यू-लग्नाची रजिस्टरं याच जातीच्या शाईने लिहिली गेली.

आणि सगळ्या आयर्न गॉल शाया एका मापाच्या नसतात. डायमीनची रजिस्ट्रार्स जोरकस आहे, रोहरर उंड क्लिंग्नरची सॅलिक्स बरीच सौम्य. 'आयर्न गॉल' एवढं नाव ऐकून घाबरवणं म्हणजे माहिती नव्हे. रोजच्या पेनात पक्की शाईच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

दौतवाला

माझं नाव घेऊन लिहिलंत, बरं झालं. आता माझंही ऐका.

मी पेनं दुरुस्त करतो. तुमच्या वह्या वाचल्या याचा आनंद आहे, पण माझ्या टेबलावर येतं ते दुसरं टोक. वडिलांचं पेन म्हणून लोक डोळ्यांत पाणी आणून देतात. मुलामा दिलेली पोलादी निब, आत वर्षानुवर्षं वाळलेली ब्लू-ब्लॅक. भिंगाखाली बघा एकदा. चिरेच्या दोन्ही कडांना बारीक खड्डे, मुलामा उडालेला, हवेच्या भोकाभोवती गंजाची तपकिरी कड. ती निब घासून परत येत नाही, धातूच गेलेला असतो. आम्ल आहे ते. लोह विरघळलेलं राहावं म्हणूनच ते घालावं लागतं, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

पिगमेंटचं तर बोलूच नका. प्लॅटिनम कार्बन ब्लॅक पेनात सुकली की जिभेच्या, म्हणजे निबेखालून शाई पुरवणाऱ्या भागाच्या, फटी बुजतात आणि नुसत्या पाण्याने सुटत नाहीत.

शाई पेन मारू शकते हे कंपन्यांनाही कळत होतं. पार्करने 1940 च्या दशकात आपल्या '51' या पेनासाठी झटपट वाळणारी शाई काढली. ती इतकी तीव्र अल्कधर्मी होती की बाकीच्या पेनांत घालू नका असा इशारा द्यावा लागला. तिथे अल्क होतं, इथे आम्ल आहे.

तुम्ही पेन धुता. नवखा माणूस धुत नाही. महिनाभर टोपण लावून खणात टाकतो. माझा सल्ला त्याला होता, तुम्हाला नव्हता.

टीपकागद

दोघंही शाईवर भांडताय, कागदावर कुणी बोलेना. रोजच्या वापरात चांगला कागद कुणाच्या वाट्याला येतो? फॉर्म, पावती, ऑफिसची वही, सगळा शोषणारा माल. त्याच्यावर ओल्या वाहत्या शाया काय करतात? अक्षराला केस फुटतात आणि मागच्या पानावर सगळं उमटतं. मागची बाजू वाया म्हणजे अर्धी वही वाया.

अशा कागदावर आयर्न गॉल सरळ रेघ देते, कारण ती एकूण कोरडी वाहते. म्हणून माझं मत काळीदौत यांना. पक्केपणाशी मला देणंघेणं नाही, मला कागदाच्या दोन्ही बाजू हव्यात. आणि शिमर (चमकी) घातलेल्या शाया रोजच्या वापराला सुचवणाऱ्यांनी एकदा त्या पावतीवर सही करून दाखवावी, मग बोलावं.

डावखुरी

तुम्ही सगळे उजवे आहात हे वाचतानाच कळतं.

माझा हात लिहिलेल्यावरून पुढे सरकतो. ज्या शाईला वाळायला वेळ लागतो ती माझ्या करंगळीच्या बाजूला निळा पट्टा काढते आणि ओळीवर ढग. मला रोजचं पेन म्हणजे बारीक निब आणि पटकन वाळणारी शाई, बस्स. जपानी एफ (फाइन, बारीक) घेतली की युरोपियन ईएफच्या (एक्स्ट्रा फाइन, अति बारीक) आसपास रेघ येते, शाई कमी पडते, लवकर वाळते. पायलटच्या बारीक निबेत ब्लू-ब्लॅक आयर्न गॉल घालते आणि हात स्वच्छ राहतो. 'पक्की की धुणारी' हा प्रश्न आमच्यापर्यंत पोचतच नाही, त्याआधी 'वाळते की नाही' येतो.

निबवेडा

डावखुरी ताई, वही थोडी फिरवून हात ओळीच्या खाली ठेवून लिहा. सवय केली की जमतं. मग हवी ती शाई वापरता येईल.

डावखुरी

हे मला पहिलीपासून ऐकवलं जातंय. हात खाली घे, वही फिरव, दुसऱ्या हाताने लिही. माझी पकड हा चर्चेचा विषय नाही. निब आणि शाईबद्दल सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर राहू द्या.

निबवेडा

हेतू वाईट नव्हता. शब्द मागे घेतो.

एबोनाइटपोट

मला वाटतं मूळ रोग वेगळाच आहे. कन्व्हर्टर, म्हणजे पेनात बसवायची ती शाईची छोटी नळी! अर्धा-एक मिली शाई मावणार, त्यात पत्र्याचे, स्प्रिंगचे, गोळीचे भाग, आणि पोलादी निब. रोजचं पेन ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायचं, एबोनाइटचं (कडक रबराचं) असावं. पोटात तीन-चार मिली शाई. आत धातूच नाही, मग गंजणार काय? निब सोन्याची बसवली तर आयर्न गॉल काय करणार तिला? जीभही एबोनाइटची, प्लास्टिकपेक्षा शाई चांगली धरते. आठ-पंधरा दिवस दौतीकडे बघायला नको. रोज लिहिणाऱ्याला याहून चांगलं पेन नाही.

टीपकागद

आणि पेन ओकतं ते? शाई निम्म्याखाली गेली की ड्रॉपरचं पेन कधी पानावर टपकन थेंब टाकेल सांगता येत नाही. माझ्या एका पूर्ण पानाचं याने वाटोळं केलंय, तेही शेवटच्या ओळीला.

एबोनाइटपोट

पातळ प्लास्टिकचं असेल तुमचं. एबोनाइट उष्णता सहज आत जाऊ देत नाही. माझं जाड भिंतीचं पेन कधी ओकलेलं नाही.

मोजमाप

हिशेब करून बघू. पोट चार मिलीचं, दोन मिली शाई, दोन मिली हवा. पेन खोलीत 20 अंशाला होतं, हातात 35 पर्यंत तापलं. हवा साधारण पाच टक्के फुगते, म्हणजे 0.1 मिली. एक थेंब 0.05 मिली धरा. दोन थेंब शाईला बाहेर पडावंच लागतं. जिभेच्या पंखांमधल्या फटी त्यातलं काही धरून ठेवतात, पण फटी आधीच भरलेल्या असतील तर थेंब पानावर.

कन्व्हर्टरमध्ये हवा अर्धा मिली असेल, तर तोच हिशेब अर्ध्या थेंबावर येतो आणि जीभ तो सहज सांभाळते. म्हणून कन्व्हर्टर ओकत नाही. यात कंपनीचा मोठेपणा काही नाही, हवा कमी असते एवढंच.

एबोनाइटने तापायला वेळ लागतो, हे खरं. पण तासभर सलग लिहिलं तर जाड भिंतही तापते. उशीर होतो, टळत नाही.

एबोनाइटपोट

हिशेब कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात माणूस तासभर सलग लिहीत नाही, मध्ये थांबतो, टोपण लावतो. आणि निम्मं रिकामं होईपर्यंत थांबायचंच कशाला? अर्ध्यावर आलं की भरा. जपानी ड्रॉपर पेनं बघा, मागची गुंडी सैल केल्याशिवाय पोटातली शाई जिभेकडे येतच नाही. लिहिताना गुंडी बंद ठेवली की जिभेतल्या शाईवर दोन-तीन पानं निघतात आणि हाताची ऊब लागून काही होत नाही. प्रश्न कधीच सोडवलेला आहे, लोकांना वापरायचं माहीत नाही.

टीपकागद

म्हणजे अर्ध्यावर भरा, गुंडी उघडा, गुंडी बंद करा, मध्ये थांबा. आणि हे म्हणे दौतीकडे बघायला न लावणारं रोजचं पेन! चार मिलीतले दोनच वापरायचे, तर चार मिलीचं कौतुक कशाला?

एबोनाइटपोट

दोन मिली म्हणजे तुमच्या कन्व्हर्टरच्या निदान दुप्पट. तेवढं तरी वाचून बोला. इथे सगळ्यांना कार्ट्रिजची (तयार भरलेल्या शाईच्या नळीची) इतकी सवय झाली आहे की, शाई गळू नये म्हणून, पेनाच्या आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचेही कष्ट नको वाटतात.

दौतवाला

ड्रॉपरवाल्यांनी थोडं थांबा, कारण आयर्न गॉलच्या बाबतीत तुमचं पेन सगळ्यात वाईट. ही शाई हवेने बदलते, तीच तिची कमाल आणि तोच तिचा दोष. पोटात शाई आणि हवा एकत्र, चार मिली संपायला पंधरा दिवस, कमी लिहिणाऱ्याला महिना. तोवर तळाशी गाळ बसायला लागतो. मग तो गाळ जिभेत. कन्व्हर्टरमध्ये थोडी शाई असते, ती लवकर संपते आणि नवी येते. ताजी शाई फिरती राहिली तर त्रास कमी, हे मी स्वतः सांगतो.

काळीदौत

वाचलं का सगळ्यांनी? 'ताजी शाई फिरती राहिली तर त्रास कमी.' मग रोजच्या पेनाइतकी फिरती शाई दुसऱ्या कुठल्या पेनात असते? रोज लिहितो, चार-सहा दिवसांत कन्व्हर्टर संपतो, पुन्हा भरतो. आयर्न गॉलला खणात पडून राहणारं पेन चालत नाही, रोजचंच चालतं. तुमच्या टेबलावर येणारी पेनं रोजची नव्हेत. ती रोज वापरणारा माणूस गेल्यावर शाईसकट खणात पडलेली पेनं आहेत. निबेवरचे खड्डे त्या पडून राहण्याने पडले.

दौतवाला

हा मुद्दा मान्य करावा लागेल. पडून राहिलेल्या पेनांवरूनच माझं मत बनलंय, कारण चालू पेन कुणी दुरुस्तीला आणत नाही.

पण एवढंच मान्य. त्यापुढे एक इंचही नाही. मुलामा दिलेल्या जुन्या निबेत आयर्न गॉल नको म्हणजे नको, रोजचं पेन असलं तरी. आजची स्टेनलेस किंवा सोन्याची निब असेल, माणूस रोज लिहीत असेल आणि दर दोन-तीन भरण्यांनी साध्या गार पाण्याने धुत असेल, तर सौम्य ब्लू-ब्लॅक घाला. गरम पाणी मात्र नको, जुन्या पेनांचं प्लास्टिक आणि एबोनाइट दोन्ही बिघडतं. आठवडाभर लिहिणार नसाल तर रिकामं करून ठेवा. हे सगळं नवख्याला सांगून तो करेल असं तुम्हाला वाटतं का? मला नाही वाटत.

काळीदौत

सांगितलंच नाही तर करेल कसा? 'रॉयल ब्लू भरा आणि विसरा' यापेक्षा 'ब्लू-ब्लॅक भरा आणि धुवा' हा सल्ला एका वाक्याने मोठा आहे. तेवढं नवख्याला झेपतं. धुण्याचा कंटाळा असणाऱ्याने प्लॅटिनमची प्रेपी घ्यावी. टोपणात आतलं झाकण स्प्रिंगने घट्ट बसतं, शाई महिनोन्महिने वाळत नाही. शिवाय बिघडली तर कुणाच्या वडिलांची आठवण जात नाही. पक्की शाई तिथून सुरू करा.

डावखुरी

प्रेपीची 02 निब, म्हणजे अति बारीक, मी वापरते, हात कोरडा राहतो. हे नवख्या डावखुऱ्यांनी लिहून ठेवा, कारण आमच्यासाठी वेगळं कुणी सांगत नाही.

टीपकागद

ड्रॉपरच्या पेनाचं एक राहिलं. विमानात काय करायचं?

मोजमाप

केबिनमधला दाब जमिनीवरच्या साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश. दोन मिली हवा अडीच मिलीच्या वर जाते, म्हणजे निदान अर्धा मिली शाई टोपणात. एकतर गच्च भरून न्या, नाहीतर पूर्ण रिकामं. आणि विमान वर चढताना निब वरच्या दिशेला ठेवा, म्हणजे बाहेर पडेल ती हवा पडेल, शाई नाही.

एबोनाइटपोट

किंवा गुंडी बंद करा. वर लिहिलंय.